पुण्यात बोटीच्या सामानाचं दुकान का नाही, आणि दुकानावाचून होडी कशी उभी करायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमच्या मित्राने मिळून एक जुनी लाकडी एंटरप्राइझ, म्हणजे दोघांनी हाकायची शिडाची लहान होडी, घेतली आहे. शीड बरं आहे, डोलकाठी सरळ आहे; पण कप्प्या फुटल्यात, दोर कुजलेत आणि सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या उभ्या फळीच्या) पेटीशेजारी तळाचा प्लाय मऊ लागतो. सामानासाठी तुम्ही रविवार पेठेपासून भोसरीपर्यंत फिरलात. 'बोटीचं सामान' म्हटल्यावर कुणी गळ-जाळ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं, कुणी खेळण्यांच्या. काकांच्या वेळी मुंबईत अशी दुकानं होती, आता तिथेही ती विरळ झालीत, असं तुमच्या कानावर आलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ही दुकानं गेली कुठे, सामान आता आणायचं कुठून, आणि पुण्यात असं दुकान तुम्हीच काढलं तर चालेल का.

मी पुण्यात होड्या दुरुस्त करतो. शिडाच्या डिंग्या, वल्ह्यांच्या होड्या, कयाक, धरणाकाठच्या रिसॉर्टवाल्यांच्या फायबर बोटी, सगळंच माझ्याकडे येतं, आणि तुमच्यासारखी हकीकत मी दर हंगामाच्या तोंडावर ऐकतो. म्हणून आधीच सांगतो, तुम्हाला लागणारं बरंचसं सामान पुण्यात आहे. ते वेगवेगळ्या पेठांत विखुरलंय आणि विकणाऱ्याला ते बोटीला लागतं याची कल्पना नाही, एवढंच. खरी उणीव आहे ती काउंटरमागच्या जाणकाराची. तुटलेला भाग त्याच्यापुढे ठेवला की तो विचारायचा, हे बसतं कुठे, ताण किती येतो, पाणी खारं की गोडं. हे प्रश्न आता तुम्हालाच स्वतःला विचारावे लागतील, आणि त्यांची उत्तरं चुकली तर खडकवासल्याच्या मध्यावर वारा वाढल्यावर ते कळतं.

माझं पुढचं सगळं सांगणं काही गोष्टींवर अवलंबून आहे. होडी फक्त धरणात चालवणार की पुढे अलिबाग-मालवणला समुद्रात नेणार? शर्यतीत उतरणार की रविवारी घरच्यांना घेऊन हिंडणार? शर्यत असेल तर एंटरप्राइझच्या वर्गनियमांत, म्हणजे त्या प्रकारच्या होडीच्या शर्यतीच्या नियमांत, काय बसतं ते आधी वाचा, कारण माझे काही पर्याय तिथे चालणार नाहीत. मी धरून चालतो की पाणी गोडं आहे आणि शर्यतीचा विचार अजून नाही.

आता दुकानांचं. पुण्यात शिडाच्या होडीचं सगळं सामान एका छताखाली देणारं दुकान माझ्या पाहण्यात कधीच नव्हतं. पुणं या बाबतीत मुंबईच्या जिवावर जगलं. सकाळी डेक्कन क्वीनने जायचं, मस्जिद बंदर, नागदेवी असं पायी फिरायचं, वेळ उरला तर जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात डोकवायचं आणि संध्याकाळी पिशवी भरून परत, हीच आमच्या धंद्याची रीत होती. पण मुंबईतली ती दुकानंही हौशी शिडवाल्यांवर चालत नव्हती, हे लक्षात घ्या. ती मोठ्या जहाजांवर, मचव्यांवर आणि मासेमारांवर चालायची. जहाजाला दोर, तारा, शॅकल (दोर-तारा अडकवायची पिनवाली कडी), रंग, कंदील लागायचे. त्याच फळीवर आमच्या मापाच्या लहान वस्तूही पडून असायच्या. मोठ्या गिऱ्हाइकाने दुकानाचं भाडं काढलेलं असायचं, म्हणून लहान गिऱ्हाइकाचा पाच मिलिमीटरचा शॅकल वर्षभर धूळ खात ठेवणं मालकाला परवडायचं.

हे मोठं गिऱ्हाईक हळूहळू सरकलं. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनरची वाहतूक खाडीपलीकडे गेली. जहाजं तोडण्याचा धंदा १९८३ पासून गुजरातेत अलंगला वाढत गेला, तशी दारूखान्यातली आवक आटली. जुन्या जहाजांचे पितळी कंदील, कप्प्या, खिडक्या तिथे ढिगाने यायच्या. मी लहान होड्यांसाठी कितीतरी वस्तू त्या ढिगातून वेचल्या आहेत. जहाजं गेल्यावर दुकानदाराने तोच गाळा कशासाठी वापरायचा? बांधकामाच्या क्रेनच्या तारा, लिफ्टचे दोर, ताडपत्री. त्याने माल बदलला. धंदा त्याचा आहे, त्याला बोल लावता येत नाही. आमची फळी मात्र त्या बदलात रिकामी झाली.

दुसरं कारण होडीतच आहे, आणि मला वाटतं की त्याकडे पुरेसं कुणी बघत नाही. लाकडी होडी दरवर्षी काहीतरी मागते. वार्निश, तांब्याचे खिळे, फटींत भरायचा कापूस, सुकाणूचे बिजागर. लाकडी होडीचा मालक दुकानात वर्षातून चार वेळा यायचाच, आणि आला की बोलायचा, शिकायचा. फायबरची होडी आली आणि ती वर्षानुवर्षं काही मागत नाही. मालकाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, पण काउंटरवरची वर्दळ त्यामुळे ओसरली. आज मला दुरुस्तीला होडी देणाऱ्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी शॅकल स्वतः विकत घेतलेला नसतो.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. पुण्यात पाण्यावरचे लोक कमी नाहीत. खडकवासल्याला एनडीएचं पीकॉक बे आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या छात्र शीड हाकायला शिकलेत. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, सेनेचं रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातून आलेला दत्तू भोकनळ तिथेच घडला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याला सुवर्ण मिळालं. संगमाजवळ सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजचा बोट क्लब आहे, त्यांची रेगाटा (होड्यांचा सोहळा) बघायला काठावर गर्दी होते. बोट क्लब रोडला तर नावच रॉयल कॉनॉट बोट क्लबवरून पडलं. मग दुकान का नाही? कारण या बहुतेक होड्या संस्थांच्या आहेत. संस्था निविदा काढते, वर्षाचा माल एकदम घेते, पुरवठादार दिल्लीचा किंवा चेन्नईचाही असू शकतो. शर्यतीच्या वल्ह्यांच्या होड्या परदेशातून येतात त्या आपल्या सगळ्या सुट्या भागांसह. इतकी वल्ही आणि शिडं या शहरात हलतात, पण काउंटरवर येऊन पैसे मोजणारा माणूस त्यांत फारच थोडा. त्यात मुळा-मुठेचं पाणी आणि जलपर्णी यांमुळे नदीवर स्वतःची होडी ठेवावी असं वाटणारे लोक राहिले नाहीत. धरणं पिण्याच्या पाण्याची, तिथे पाटबंधारे खात्याची परवानगी लागते, त्यामुळे घरची होडी हा प्रकार वाढलाच नाही. आणि कर बघा: २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हौसेच्या आणि खेळाच्या बोटी २८ टक्क्यांच्या, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत वरच्या टप्प्यात गेल्या. मुलांना होडी शिकवणारा क्लब आणि श्रीमंताची यॉट यांना एकाच रांगेत उभं केलं याचं मला आजही वाईट वाटतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. लंडनच्या मध्यवस्तीत शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर आर्थर बील नावाचं बोटीच्या सामानाचं जुनं दुकान होतं, दोर वळण्याच्या धंद्यातून आलेलं. गिर्यारोहकांचे दोरही त्या पत्त्यावरून जायचे. २०२१ मध्ये ते बंद झालं. समुद्र ज्यांच्या रक्तात आहे त्या देशाच्या राजधानीत ही गत. उलट अमेरिकेत वेस्ट मरीन ही साखळी १९६८ मध्ये एका गॅरेजमधून नायलॉनचे दोर विकत सुरू झाली आणि तिची दुकानं वाढली ती बोटी उभ्या असतात त्या किनाऱ्यांच्या आसपास. मोठ्या शहराच्या मध्यातला गाळा आणि सावकाश खपणारा माल यांचं गणित कुठेच जुळत नाही. ऑनलाइन खरेदीने शेवटचा धक्का दिला हे खरं, पण घर आधीच पोखरलेलं होतं.

आता तुमच्या होडीकडे येतो.

आधी प्लाय, कारण तिथेच लोक सर्वांत जास्त फसतात. पुण्यात दर दुसऱ्या प्लायच्या दुकानावर 'मरीन प्लाय' लिहिलेलं असतं. ते स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटासाठी असतं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये जा आणि 'आयएस ७१०' छापलेला प्लाय मागा. या मानकात प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. साध्या 'बीडब्ल्यूआर' प्लायची कसोटी आठ तासांची असते. पण शिक्क्यावर थांबू नका. कडेने बघा, आतल्या थरांत पोकळी दिसते का. मग नाणं घेऊन पूर्ण फळीवर टकटक करत जा. भरीव फळीचा आवाज कोरडा आणि एकसारखा येतो, पोकळीवर तो बदलतो. कपाटात ती पोकळी आयुष्यभर निरुपद्रवी राहील. होडीच्या तळात तिथेच पाणी साचतं आणि तिथूनच प्लाय कुजतो. सहा मिलिमीटरची फळी घ्याल तर कॅलिपर सोबत न्या, कारण बाजारात सहा म्हणून मिळणारी बऱ्याचदा पाचच्या थोडी वर भरते. थरही मोजा, त्या जाडीत मला पाच हवे असतात. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या. मी तो जुन्या पातेल्यात दिवसभर उकळतो, सावलीत वाळवतो आणि कडेला पटाशी घालून उकलतो. थर एकमेकांपासून स्वच्छ, गुळगुळीत सुटले तर ती फळी नको. लाकडाचे तंतू ओढून, फाटून सुटले तर डिंक चांगला आहे. दुकानदार कधी कधी कंटाळतात, पण एकदा का त्यांना कळलं की माल होडीला जाणार आहे, की ते स्वतःच आतली फळी काढून देतात. माणसं चांगली आहेत, विचारायला हवं.

तो प्लाय जोडायला इपॉक्सी घ्या. पॉलिएस्टर रेझिन फायबरच्या होडीला ठीक, जुन्या लाकडाला ते नीट धरत नाही, वर्ष-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. पुण्यात इपॉक्सी कारखान्यांच्या फरशांसाठी भरपूर खपतं, तेव्हा ते मिळायला अडचण नाही. सध्या टेबलं आणि शोभेच्या वस्तू ओतायला जे पारदर्शक रेझिन मिळतं ते मात्र घेऊ नका. ते पातळ असतं, फार सावकाश आवळतं (घट्ट होतं), आणि उभ्या फळीवरून ओघळून जातं. दुकानात स्पष्ट सांगा की काचेच्या तंतूंचं कापड बसवायचंय. पावसाळ्यात काम केलंत तर आवळलेल्या थरावर मेणचट तवंग येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय दुसरा थर देऊ नका, नाहीतर थर एकमेकांना धरणार नाहीत. कधी फायबरच्या होडीवर पॉलिएस्टरचं काम करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा: रेझिन आवळण्यासाठी त्यात घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही सरळ एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आणि हार्डनर हाताळताना चष्मा हवाच. तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

दोराच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. चिंचवडला आणि वाईला गरवारेचे दोर-जाळी बनतात, नॉर्वेतल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांना इथून जाळी जाते. पण कारखाना कारखान्याच्या हिशोबाने विकणार, तुम्हाला हवेत बारा-पंधरा मीटर. बोहरी आळीत मीटरवर दोर मिळतो. तिथे बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं. ते पाण्यावर तरंगतं म्हणून बुडणाऱ्याला फेकायच्या दोरीला उत्तम, पण आपल्या उन्हात लवकर पिठूळ होतं. नायलॉन ताणतं, म्हणून नांगराला आणि बांधायला चांगलं, शीड चढवायला अगदी वाईट: तुम्ही शीड ताठ चढवाल आणि वारा आला की ते खाली लोंबेल. शीड चढवायला आणि ओढायला पॉलिएस्टरचा विणलेला दोर लागतो. तो बोहरी आळीत न मिळाल्यास गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात विचारा. तिथला गाठींच्या कामाचा बारीक दोर नायलॉनचा असतो, तो लहानसहान बांधण्याला चालेल, शीड चढवायला नको. माझा साधा नियम असा आहे की दोर कशाचा आहे हे विकणारा सांगू शकत नसेल, तर त्यावर माणसाचा जीव टांगायचा नाही.

खिळे, बोल्ट, स्क्रू यांत तुमचा एक मोठा खर्च वाचतो, कारण पाणी गोडं आहे. समुद्रासाठी ३१६ जातीचं स्टील लागतं. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, तेच मिठाला तोंड देतं. धरणात ३०४ पुरतं, आणि भोसरीत ते हव्या त्या मापात मिळतं. धोका वेगळाच आहे. बाजारात 'स्टेनलेस' म्हणून २०२ जातीचा माल सर्रास असतो, आणि एकाच पावसाळ्यात त्यावर गंजाचे ठिपके येतात. लोहचुंबक लावून त्याची जात कळते असं लोक म्हणतात, त्यावर विसंबू नका. थंड ठोकून घडवलेला चांगला बोल्टही चुंबकाला थोडा चिकटतो आणि २०२ चा चिकटत नाही. खात्रीच्या दुकानातून जात लिहिलेलं बिल घ्या. होडी जुन्या इंग्लिश नकाशावर बांधलेली असेल तर आटे इंची असतील. एक जुना स्क्रू काढून सोबत न्या, नाहीतर मिलिमीटरचा स्क्रू जबरदस्तीने बसवून भोक खराब कराल. तांब्याचे खिळे आणि त्यांच्या टोप्या कुठेच मिळाल्या नाहीत तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत नमुना घेऊन जा. एवढा छोटा माल करून द्यायला सगळे तयार होत नाहीत, पण विचारून बघण्यासारखी ती जागा आहे.

शिडाला लहान भोक असेल तर ताडपत्रीवाला ते शिवेल, पण त्याची सुई जाड असते आणि टाके लांब; शिडाचं कापड टाक्यांच्या ओळीवर फाटतं. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवणारे आहेत. पातळ कापड नागमोडी टाक्याने शिवणं आणि चिकटपट्टीने जोडणं यातलं ज्ञान त्यांच्याकडे आहे. एंटरप्राइझचं निळं शीड छत्रीच्या कापडाहून जाड असलं तरी काम समजणारा माणूस तिथे भेटतो. आयलेट (कापडाच्या भोकातली धातूची कडी) बसवून घ्यायला मात्र मांडववाल्यांकडचे कारागीर बरे, त्यांचा हात बसलेला असतो.

एवढं सगळं पर्यायाने जमतं. दोन-तीन गोष्टी मात्र जमत नाहीत, आणि तिथे पैसे वाचवू नका.

कप्प्या आणि जॅम क्लीट (ओढलेला दोर पकडून धरणारी खाच) बाहेरूनच मागवावे लागतील. हार्डवेअरमधली लोखंडी कप्पी वजनाला चालते, पण तिच्यातून भिजलेला दोर झटक्यात सुटत नाही, आणि जोराच्या झुळुकीत शीड झटकन सोडता आलं नाही तर होडी उलटते. लाइफ जॅकेटसाठी तर दुसरा विचारच नको. त्यावर तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही मदत जवळ असेल तेव्हाच. पोहता न येणाऱ्या माणसाला किमान १०० चं द्या. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खाली सरकतं. रस्त्यावर नारंगी रंगाची, कसलाच शिक्का नसलेली जॅकेटं स्वस्तात मिळतात. ती माझ्या कार्यशाळेत कुणी आणली तर मी होडी पाण्यात उतरवत नाही.

आणि तारा. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा, श्राउड, जुन्या होडीबरोबर आलेल्या असतील तर त्या चांगल्या दिसल्या तरी तपासा. कापसाचा बोळा घ्या आणि वरून खाली तारेवरून सावकाश फिरवा. कुठेही कापसाचे तंतू अडकले तर तिथे एक बारीक तार तुटलेली आहे. बहुतेक वेळा ती खालच्या टोकाला, जिथे तार नळीत दाबलेली असते त्याच्या तोंडाशीच सापडते, कारण तिथे तार हलते आणि पाणीही तिथेच थांबतं. एक जरी तंतू तुटलेला असला तरी तार बदला, आणि एका बाजूची बदलली तर दुसरीही बदला. तार पुण्यात मिळते. तिचं टोक दाबून देणारा मात्र यंत्र आणि साचा दोन्ही योग्य मापाचे असलेला हवा. हातोडीने ठोकून दिलेलं टोक स्वीकारू नका.

इथवरचं थोडक्यात: प्लाय, इपॉक्सी, साधा दोर, बोल्ट आणि शिवणकाम पुण्यात होईल. कप्प्या, क्लीट आणि जॅकेटं मागवा. तारांची तपासणी स्वतः करा.

आता तिसरा प्रश्न, दुकान काढण्याचा. तुमच्या लिहिण्यातला उत्साह मला आवडला, म्हणून स्पष्ट बोलतो. नुसतं दुकान काढू नका. शॅकलचंच उदाहरण घ्या. चार, पाच, सहा आणि आठ मिलिमीटर, त्यात सरळ आणि गोलाकार, त्यात लांब आणि आखूड, त्यात पिन सुटी आणि न निघणारी. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी एका शॅकलचेच तीसएक डबे फळीवर लागतात. ते गिऱ्हाईक येतं आणि नेमका एकतिसावा मागतं. गिर्यारोहणाच्या सामानाची दुकानं पुण्यात टिकली, कारण दर पावसाळ्यात हजारो नवे पाय सिंहगड-राजगडाकडे निघतात आणि प्रत्येकाला बूट, सॅक, रेनकोट हवा असतो. होडीला तेवढी माणसं नाहीत. परदेशातून थोडा माल मागवला तर वाहतूक आणि आयातकर वस्तूच्या किमतीला गिळतात, जास्त मागवला तर भांडवल फळीवर अडकतं.

चालेल असं मला जे वाटतं ते वेगळं आहे. दुरुस्तीची जागा काढा आणि तिच्या एका भिंतीला सामान ठेवा. भाडं दुरुस्तीतून निघेल, सामान कामाबरोबर खपेल. रिसॉर्टवाल्यांच्या बोटी, कयाक, क्लबांच्या डिंग्या यांचं काम पुण्यात आहे आणि ते करणारे हात फार थोडे आहेत. मी स्वतः असंच करतो. बाहेरून यायच्या मालासाठी गणपतीच्या आधी क्लब आणि घरचे होडीवाले यांच्याकडून याद्या गोळा करा आणि एकच ऑर्डर लावा. पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो, दिवाळीपर्यंत माल हातात असलेला बरा. एकत्र मागवल्यावर वाहतुकीचा खर्च वाटला जातो, आणि कुणाकडे काय जादा आहे तेही कळतं. असे कितीतरी क्लीट लोकांच्या माळ्यावर पडून आहेत.

याहून मोठं काम आहे ते माहिती टिकवण्याचं. नागदेवीला एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मी नवीन असताना जात असे. मी कप्पी मागितली की तो ती द्यायच्या आधी होडीची लांबी विचारायचा, शिडाचं क्षेत्रफळ विचारायचा, आणि मला उत्तर आलं नाही तर 'मोजून ये' म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवायचा. पुण्याहून गेलेल्या माणसाला! पण त्या परतीच्या प्रवासांत मी जे शिकलो ते कुठल्या वर्गात शिकलो नसतो. आता असं विचारणारं कुणी नाही. क्लबांतले जुने बोटमन आहेत, त्यांना कुठल्या होडीला कुठलं माप लागतं हे तोंडपाठ आहे, आणि त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेणारं कुणी नाही. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर दुकानाच्या आधी ती वही करा. होडीचा प्रकार, जागा, माप, पुण्यात कुठे मिळालं, किती टिकलं. माझ्याकडची टिपणं मी तुम्हाला आनंदाने देईन.

तुमच्या होडीसाठी आत्ता एवढं करा. मागच्या फळीवर किंवा आतल्या मधल्या कण्यावर कोरलेला क्रमांक शोधा. त्यावरून ती साधारण कुठल्या काळातली आहे ते समजतं आणि आटे इंची आहेत का याचा अंदाज येतो. सेंटरबोर्डच्या पेटीभोवतीचा रंग खरवडून पेचकसाचं टोक हलक्या हाताने दाबत जा आणि जिथे ते आत जातं तिथे खडूने रेघ ओढा. ती रेघ पेटीच्या पायथ्याच्या लाकडापर्यंत जात असेल तर नुसता प्लायचा ठिगळ पुरणार नाही, पेटी उतरवावी लागेल, आणि ते काम तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणा जाणकाराकडे करा. खडूच्या रेघेचा, तुटलेल्या कप्प्यांचा आणि तारांच्या खालच्या टोकांचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून इथेच टाका. त्यावरून कप्प्यांचं माप मी सांगतो. तोवर डोलकाठी उभी करू नका.